आजीबाईंची बॅच

जावयाच्या हाताखाली नोकरी करू नये, हे सरांना चांगलं कळत होतं. पण निवृत्तीनंतर घरात बसून त्यांनी जो काही उच्छाद मांडला होता, तो पाहता त्यांच्या बायकोला हे कळून घ्यायची मुळीच इच्छा नव्हती.

सर शाळेत इंग्रजी शिकवत. उभा जन्म त्यात गेला. मुलं त्यांना पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत, कारण एक वाक्य संपलं की ते टेबलावर डस्टर आपटत आणि मगच पुढच्या वाक्याला हात घालत. निवृत्त झाल्यावर डस्टर शाळेत राहिलं आणि सवय घरी आली. आधी त्यांनी लाल पेन घेऊन वर्तमानपत्र तपासलं. मग औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी तपासलं. तेही संपल्यावर ते बायकोकडे वळले. ती बहिणीशी फोनवर बोलत असली की हे समोर खुर्ची ओढून बसत आणि तिने बोलण्यात वापरलेला एकेक इंग्रजी शब्द सुधारून देत. बहिणीने फोन करणं सोडलं, तेव्हा बायकोने लेकीला निरोप धाडला, की तुझ्या बाबांना कुठेतरी चिकटव, नाहीतर मी कायमची तुझ्याकडे राहायला येते.

खरं सांगायचं तर सरांना पद नको होतं आणि मानही नको होता. त्यांना वर्ग हवा होता. सकाळी आवरून जिथे जायचं असतं अशी एक खोली, तिच्यात समोर बसलेली माणसं, आणि आपण दारात उभे राहिलो की त्यांचं गप्प होणं. त्यावाचून ते आतून वाळत चालले होते. पण हे बोलून दाखवण्याऐवजी ते औषधांच्या बाटल्या वाचत बसत, आणि घरच्यांना वाटे की यांना खोड आहे.

जावईबापू स्वभावाने फार गोड माणूस. कुणालाही नाही म्हणता न येणं हा त्यांचा आजार होता आणि सासरच्या माणसांसमोर तो बळावत असे. ते एका मोठ्या कार्यालयात व्यवस्थापक होते. समुद्रापलीकडच्या एका देशातली वॉशिंग मशीनची कंपनी होती. तिच्या गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन या कार्यालयात घेतले जायचे. बाकीची गिऱ्हाइकं ठीक होती. पण त्या देशाच्या उत्तर किनाऱ्यावरची माणसं जे इंग्रजी बोलत, ते इथल्या एकाही माणसाच्या पचनी पडत नव्हतं. उत्तरेचा फोन आला की इथली पोरं 'हो हो, नक्की नक्की' म्हणत आणि घाम पुसत फोन ठेवत. शेवटी कंपनीने बजावलं, की उत्तरेची बोली समजणारी एक बॅच तयार करा, नाहीतर उत्तरेचं काम आम्ही दुसरीकडे देतो. तेवढ्यात कार्यालयातली शिकवणारी बाई नोकरी सोडून गेली. जावईबापू घरी येऊन हे बायकोला सांगून बसले आणि तिथेच फसले.

पहिल्या दिवशी जावईबापूंनी सासऱ्यांना शिकवण्याची खोली दाखवली. खिडकी नसलेली, थंडगार, ओळीने संगणक आणि हेडफोन मांडलेली. मग त्यांनी घसा साफ केला आणि फार जपून विचारलं, "सर, ती उत्तरेकडची बोली तुम्हाला… म्हणजे, जमेल ना?"

"इंग्रजी ते इंग्रजी," सर म्हणाले.

हे उत्तर नव्हतं हे जावईबापूंना कळलं. पण सासऱ्याला एकच प्रश्न दोनदा विचारायचा म्हणजे त्यांच्या शब्दावर विश्वास नाही असं दिसायचं. त्यांनी मान डोलावली, रेकॉर्ड केलेल्या जुन्या फोनचा साठा कुठे आहे ते दाखवलं आणि काढता पाय घेतला.

सरांनी हेडफोन चढवले. पहिला फोन एका पुरुषाचा होता. त्यातलं सरांना 'हॅलो' समजलं. दुसरा फोन एका तरुणीचा होता, त्यात तेही समजलं नाही. तिसऱ्यात कुणीतरी पोटतिडकीने काहीतरी मागत होतं, ते पाणी होतं की पैसे की न्याय हे सांगणं अवघड होतं. सरांच्या कपाळावर, त्या थंडगार खोलीत, घाम जमला. सबंध आयुष्य ज्या भाषेच्या जोरावर भाकरी मिळवली ती भाषा समोरचा माणूस बोलतोय आणि आपल्या पदरात एक अक्षर पडत नाही. आणि हे सांगणार कुणाला? जावयाला? त्यापेक्षा बाटल्या बऱ्या होत्या.

दुपारी त्यांना आजीबाई सापडल्या.

आजीबाई म्हणजे उत्तरेच्या एका गावात एकट्या राहणारी एक म्हातारी. तिचं वॉशिंग मशीन कपडे पिळताना जागेवरून हलायचं आणि थरथरत थरथरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत यायचं. तक्रार दर आठवड्याची. मिस्त्री येऊन गेले, त्यांना काही सापडलं नाही, आजीबाईंनी पुन्हा फोन केला. बोली तीच, उत्तरेची. शब्दांची सुरुवात गिळायची, मधला भाग ताणायचा आणि शेवट उसाशात सोडून द्यायचा. पण परदेशातलं कुणीतरी ऐकतंय म्हणून बाई सावकाश बोलत, एक गोष्ट दोनदा सांगत, आणि बोलत भरपूर. तिसऱ्यांदा ऐकल्यावर सरांना एक सबंध वाक्य कळलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. बाकीच्या साठ्याकडे त्यांनी त्या दिवशी पाठ फिरवली ती कायमची.

आता बॅचची गोष्ट. बॅचमध्ये पाच-सहा शांत पोरंपोरी होती. त्यांच्याखेरीज मार्ग बंद झाल्यामुळे नोकरी गेलेली एक बस कंडक्टर होती, पार्लरमधून आलेली एक मुलगी होती आणि एक जिमवाला होता. त्याच्या दंडांमुळे शेजारच्या खुर्चीवर कुणाला धड बसता येत नसे. सर दारात उभे राहिले. सगळे गप्प झाले. सरांना किती बरं वाटलं ते काय सांगावं.

त्यांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती. जे समजतं ते समजावून सांगायचं आणि जे आपल्यालाच समजत नाही ते पोरांकडून पाठ करून घ्यायचं. शाळेत या दुसऱ्या भागावर बऱ्याच कविता निभावल्या होत्या. कंपनीला हवी होती बोली कळणारी माणसं, बोलणारी नव्हे. पण नुसतं ऐकायला कसं शिकवायचं, याची सरांना कल्पना नव्हती. त्यांनी आजीबाईंचं पहिलं वाक्य लावलं, थांबवलं, टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, "माझ्यामागून नको. बाईंच्या मागून म्हणा."

वर्गाने म्हटलं. सरांनी पुन्हा लावलं. वर्गाने पुन्हा म्हटलं. उसासा कुठे सोडायचा, कुठे थांबून 'लव्ह' म्हणायचं, सगळं. आजीबाई सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणत, फोन घेणाऱ्याला, मिस्त्रीला, शेजारणीच्या मांजरालाही. सरांनी घरी सराव करावा म्हणून हे फोन मोबाइलवर घेतले होते. एके सकाळी स्वयंपाकघरातून बायकोने ऐकलं, की एक परकी बाई आपल्या नवऱ्याला लाडाने हाक मारतेय आणि नवरा तीच हाक तिला परत देतोय. ती हातातलं काम टाकून बाहेर आली. सरांनी घाईघाईने खुलासा केला, की बाई फार वयस्कर आहेत, गुडघ्याने अधू आहेत आणि समुद्रापलीकडे आहेत. बायको म्हणाली की यातलं पहिलं आणि दुसरं तुम्हालाही लागू आहे.

हळूहळू वर्गाला आजीबाई चढल्या. चहाच्या सुट्टीत एरवी पोरं ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, ही बॅच आजीबाईंच्या संसारात डोकं घालून बसायची. नवऱ्याला जाऊन किती वर्षं झाली, नदीपलीकडच्या बहिणीशी बोलणं का तुटलं, शेजारणीने कुंपणाचं काय केलं, सगळं सगळ्यांना तोंडपाठ. त्या शेजारणीला आजीबाईंनी असं सोडायला नको होतं, यावर कंडक्टरबाई आणि जिमवाल्यात एकदा चांगलंच वाजलं. ते भांडलेही आजीबाईंच्या बोलीत. एवढा धिप्पाड गडी छातीवर हात ठेवून उसासा टाकतो आणि 'आता माझ्याने होत नाही गं, लव्ह' असं इंग्रजीत म्हणतो, हे दृश्य जावईबापूंनी काचेतून पाहिलं आणि ते जागच्या जागी थिजले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, की बाबांची सगळी बॅच एका म्हातारीसारखी बोलते, अगदी त्या पैलवानासकट, आणि हे असंच चाललं तर माझी नोकरी जाईल. लेक बापावर जीव टाकणारी. तिने आईला फोन करून सांगितलं, की बाबांची मुलं जरा एकाच पद्धतीने बोलतात म्हणे, म्हणजे फार मनापासून शिकतायत, फक्त थोडा बदल केला तर बरं. आईला नवरा घरी परत यायला नको होता. तिने सरांना सांगितलं, जावई फार खूश आहेत. सरांनी दुसऱ्या दिवशी सराव दुप्पट केला.

पुढे पुढे जावईबापू जिन्यात सासरे दिसले की वळून दुसऱ्या जिन्याने जात. सरांना वाटे, साहेब माणूस, कामात असेल. सरांच्या मनातही एक कबुली रोज घशापर्यंत येत होती, की आजीबाई सोडून मला उत्तरेचं कुणीही कळत नाही. पण जावयाला तोंडावर हे सांगायचं म्हणजे लेकीची मान खाली घालायची. दोघेही एकमेकांना इतके जपत होते, की त्या जपण्यात बॅचचं वाटोळं व्हायची वेळ आली.

आणि मग कंपनीच्या मुख्य कचेरीतून परीक्षा घ्यायला पाहुण्या बाई आल्या. उंच, टापटीप, बातम्या सांगितल्यासारखं स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांचा शब्दन्‌शब्द सरांना कळला आणि कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या कानांबद्दल थोडा आदर वाटला. बाईंनी नियम सांगितला. आज बॅच खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे फोन घेईल, मी स्पीकरवर ऐकेन. गिऱ्हाईक समाधानी झालं तर पास. नाहीतर उत्तरेचं काम इथून उठेल आणि ही बॅचही. सरांनी पोरांकडे पाहिलं. कंडक्टरबाई ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होत्या. आपण यांना काय शिकवलंय याचा हिशेब सरांनी त्या क्षणी पहिल्यांदा मांडला आणि त्यांची पाचावर धारण बसली. बोली कळायला शिकवायचं होतं. आपण एक म्हातारी पाठ करून घेतली.

पहिला फोन जिमवाल्याला लागला. कुणी गोदीतला गडी होता आणि त्याचा आवाज हेडफोनमधून बाहेर सांडत होता. मशीनमधलं पाणी त्याच्या घरभर झालं असावं, हे फक्त त्याच्या ओरडण्यावरून समजत होतं. जिमवाल्याने उसासा टाकला. आजीबाई मिस्त्रीला बोलायच्या त्या सुरात तो सावकाश म्हणाला, की लव्ह, आधी बैस, पायाखाली ओलं असेल तर जपून, आणि मला सांग मशीनमागचा नळ कुठे आहे. मग तो गोदीतला गडी बोलू लागला. आता तो ओरडत नव्हता, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होता. जिमवाल्याला ते कळत होतं, आणि तो त्याला उत्तर देत होता. महिना-दीड महिना दुसऱ्याचा सूर आपल्या घशातून काढला, तर तोच सूर कानात पडल्यावर ओळखीचा वाटणारच. पण हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते आ वासून उभे होते.

फोन संपल्यावर पाहुण्या बाईंनी जावईबापूंना हळूच विचारलं, की ते गृहस्थ शेवटी काय म्हणाले? जावईबापूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी छतातून येणाऱ्या थंड हवेच्या जाळीकडे पाहिलं. मग जिमवाल्याने खुर्ची फिरवली आणि साध्या इंग्रजीत सांगितलं, की नळ बंद झाला, पाणी थांबलं आणि ते म्हणाले की तुझी आई आमच्याकडची आहे का? बाईंनी कागदावर खूण केली. त्यांचे कान किंचित लाल झाले होते. कारण बाई त्या देशाच्या राजधानीतल्या होत्या आणि उत्तरेचं बोलणं त्यांनाही कळत नव्हतं. ते इतकी वर्षं त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

पार्लरवाल्या मुलीचा फोन त्याहून बरा झाला. सरांचा श्वास जरा सैल पडला. मग कंडक्टरबाईंच्या संगणकावर दिवा लागला आणि त्यांनी फोन घेतला. पलीकडून आलेला आवाज ऐकून सगळा वर्ग एकदम ताठ झाला.

आजीबाई होत्या. त्यांचं मशीन पुन्हा दारापर्यंत चालत आलं होतं.

आता कंडक्टरबाईंनी करायला हवं होतं ते एवढंच, की नाव विचारायचं आणि तक्रार लिहून घ्यायची. पण महिना-दीड महिना ज्या बाईच्या सुखदुःखात ऊठबस केली, ती जिवंत समोर आल्यावर नियम कुठले आठवायला? त्यांनी आजीबाईंच्याच उसाशात, आजीबाईंच्याच बोलीत विचारलं, की लव्ह, आधी गुडघा कसा आहे ते सांग, आणि बहिणीचा फोन आला का?

आजीबाई बोलल्या आणि त्यांच्या आवाजातला सावकाशपणा पार गेला होता. माझा गुडघा तुम्हाला कुणी सांगितला? हा आवाज कुणाचा आहे? हा माझा आवाज आहे. एवढे दिवस मी फोन करते, मशीन नीट करायचं सोडून तुम्ही माझ्याच आवाजाचं मशीन बनवलंत आणि मलाच ऐकवताय? मी वर्तमानपत्राला कळवते. बाकी काही नाही तरी 'वर्तमानपत्र' हा शब्द पाहुण्या बाईंना नेमका समजला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. कंडक्टरबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. बोलावं तर आजीबाईंचाच सूर निघणार, आणि आपलं असं दुसरं इंग्रजी त्यांना आता सापडत नव्हतं. बुडणाऱ्याने काठावरच्याकडे पाहावं तसे जावईबापू सासऱ्यांकडे पाहत होते.

सरांना कळलं की आता गप्प बसलो तर ही सगळी पोरं घरी जातील, आणि बोललो तर आपण. त्यांनी कंडक्टरबाईंच्या कानावरून हेडफोन काढून घेतले.

"बाई, हे मशीन नाही," ते आपल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले आणि सवयीने थांबले. "मी यांचा शिक्षक आहे. मला तुमच्या भागातलं बोलणं समजत नाही. मी पुष्कळ फोन ऐकले, त्यातल्या फक्त तुम्ही मला समजलात. म्हणून मी तुमचं बोलणं या सगळ्यांकडून पाठ करून घेतलं. यांची चूक नाही."

जावईबापू हे वाक्य ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी एक विलक्षण सुटका पसरत चालली होती.

आजीबाईंनी विचारलं, "सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"फोन लावला की सुरुवातीला एक बाई सांगते, की हे बोलणं शिकवण्यासाठी वापरलं जाईल. मला वाटायचं, उगाच म्हणतात. कोण ऐकतंय." मग त्यांनी हळूच विचारलं, "कुंपणाचंही ऐकलंत?"

सर म्हणाले की कुंपणावरून तर वर्गात भांडण झालं, आणि निम्मा वर्ग तुमच्या बाजूने आहे. आजीबाईंना उरलेला निम्मा कोण ते जाणून घ्यायचं होतं. जिमवाला पुढे आला आणि त्याने मान खाली घालून, त्यांच्याच बोलीत, आपली बाजू मांडली. पलीकडून जो आवाज आला तो आधी कुणालाच ओळखता आला नाही, कारण तो एकाही रेकॉर्डिंगमध्ये नव्हता. आजीबाई हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग त्यांनी जिमवाल्याला खडसावलं, की तू बोलतोस ते माझ्यासारखं नाही, नदीपलीकडच्या माझ्या बहिणीसारखं आहे, आणि ते माझ्या घरी चालत नाही. त्यांनी एकेकाला फोनवर बोलावलं, एकेक वाक्य म्हणायला लावलं, कुठे उसासा लांबला, कुठे शब्द जास्त गिळला ते सांगितलं. कंडक्टरबाईंना त्या म्हणाल्या की तुझं अगदी बरोबर आहे, मला आरशात पाहिल्यासारखं झालं.

शेवटी त्यांनी शिक्षकाला बोलावलं. सरांनी ते पहिलंच वाक्य म्हटलं, जे त्यांनी स्वतः पोरांना हजारदा म्हणायला लावलं होतं. आजीबाईंनी ते परत म्हणायला लावलं. मग पुन्हा एकदा. मग त्या फार मायेने म्हणाल्या, की लव्ह, तू राहू दे. तू रेडिओसारखा बोलतोस. या पोरांनाच बोलू दे.

पाहुण्या बाईंनी निकाल लिहिला. बॅच पास. सगळ्यात वर कंडक्टरबाई. आणि खाली एक शेरा होता, तो त्यांनी जावईबापूंना वाचून दाखवला आणि त्या विमान गाठायला निघून गेल्या.

त्या संध्याकाळी जावईबापू सासऱ्यांना गाडीतून घरी सोडायला निघाले. एरवी ते रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत. आज खड्डेही संपले होते. सरांनी वाट पाहिली. जावईबापूंनी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, इंजिन बंद केलं आणि खिशातला मोबाइल काढला. ते बहुधा बायकोला निरोप देणार होते, म्हणजे तिने आईला सांगावं आणि आईने यांना.

"तिला नका करू फोन," सर म्हणाले. "शेऱ्यात काय आहे ते मला सांगा."

जावईबापूंनी मोबाइल मांडीवर ठेवला. लग्नानंतर सासऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून ते पहिल्यांदाच बोलले. "पुढच्या बॅचला शिकवणारा माणूस ती बोली येणारा असावा, असं लिहिलंय. बाबा, तुम्हाला काढावं लागतंय. कंडक्टरबाईंना घ्यायचं आहे." आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "आणि मलाही कळत नाही ती बोली. मी इथे लागल्यापासून एक वाक्य कळलेलं नाही."

सरांना हसू आलं. पण ते पुरतं फुटायच्या आत विरलं. ती खिडकी नसलेली खोली, दारात उभं राहिल्यावर गप्प होणारी माणसं. ते गेलं. खूप वाईट वाटलं त्यांना, आणि ते लपवायला गाडीत ना वर्तमानपत्र होतं ना बाटली. जावईबापूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग सरांनी विचारलं, "नवीन बॅचला वयाची अट आहे का?"

"आहे," जावईबापू म्हणाले. थोडा विचार करून म्हणाले, "पण तुम्हाला नाही."

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की म्हणजे सकाळी जाणार ना? जाणार म्हटल्यावर तिने बहिणीला फोन लावला.

सोमवारी सर वेळेच्या आधीच त्या थंड खोलीत जाऊन मागच्या रांगेत बसले. भोवती त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं होती. ती यांच्याकडे बघून आपापसात काहीतरी कुजबुजत होती आणि सरांना ती गप्प करायचा अधिकार नव्हता. कंडक्टरबाई दारात आल्या. सगळे गप्प झाले. सरही झाले. बाईंनी एका नव्या गिऱ्हाइकाचा, कुणा मासेमाराचा, रेकॉर्ड केलेला फोन लावला आणि एकेकाला म्हणायला सांगितलं. मागच्या रांगेपर्यंत आल्यावर त्या क्षणभर अडखळल्या. मग त्यांनी सरळ सरांकडे बोट केलं.

"तुम्ही. म्हणा."

सर उभे राहिले. हेडफोनची वायर ताणली गेली. त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि पोरं खुदकन हसली. सरांना राग आला नाही, कारण म्हणता म्हणताच त्यांच्या कानाला कळलं होतं की ते चुकलंय, आणि पहिल्यांदाच हेही कळलं होतं की नेमकं कुठे.

"पुन्हा," कंडक्टरबाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा म्हटलं.